झऱ्याचे मिरासदार आणि उपरी

नागपुरात हुडकेश्वरला आमच्या घरामागून जो नाला वाहतो, त्यातल्या द्रवाला पाणी म्हणावे की नाही हा प्रश्न मी पुष्कळ दिवस अनिर्णित ठेवला आहे. तरीही गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस त्याच्याच काठच्या चिखलातून बोटाच्या पेराएवढी एक शंखी मी उचलून आणली आणि काचेच्या बरणीत दोन मुठी रेती पसरून तिला खिडकीत बिऱ्हाड दिले. अंगाने निमुळती, देवळाचे शिखर आडवे पडावे तशी, वेढ्यांवर तांबूस ठिपके असलेली ही शंखी दिवसा रेतीत गडप होते आणि दिवा मालवल्यावर काचेवरून संथपणे फिरू लागते. शास्त्रीय दप्तरात तिचे नाव मेलॅनॉइडिस ट्युबर्क्युलाटा असे आहे.

शंख-शिंपले, खेकडे, पाणकिडे, चतुरांची पिले अशा कणाहीन जलचरांचे शास्त्रज्ञ जे दोन वर्ग करतात, ते समजून घेताना मला मराठेशाहीच्या महसुली कागदांतले दोन शब्द फार उपयोगी पडले. ज्याची जमीन वंशपरंपरेची, जी पडीक राहिली तरी सारा चुकत नसे, पण जिच्यावरून त्याला सहसा कोणी उठवीत नसे, तो मिरासदार. आणि कौल-कबुलायतीने परक्याची जमीन कसणारा, दुष्काळ पडताच बाडबिस्तरा आवरून दुसऱ्या गावची वाट धरणारा, तो उपरी. एकाच प्रकारच्या पाण्याला जन्मोजन्मी बांधले गेलेले जीव मिरासदार, आणि मिळेल त्या पाण्यात संसार थाटणारे उपरी.

मिरासदारी रुजते ती विशेषतः झऱ्यांवर पोसलेल्या पाणथळीत, आणि त्याचे कारण झऱ्याच्या स्थैर्यात आहे. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, पौषात 10 च्या आसपास उतरतो, आणि उघड्यावरचे डबके ही दोन्ही टोके निमूटपणे भोगते. भूगर्भातून पाझरणारे सामान्य झऱ्याचे पाणी मात्र त्या स्थळाच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या जवळपासच राहते, आणि त्यातले क्षारही सहसा फारसे बदलत नाहीत. ज्या जीवाच्या असंख्य पिढ्या अशा समशीतोष्ण घरात गेल्या, त्याला सोसण्याची विद्या शिकण्याचे प्रयोजनच उरत नाही. उलट उपऱ्याच्या गाठोड्यात नाना हत्यारे असतात. सांडपाण्याच्या गाळातली लालभडक अळी आपल्याच रक्तद्रव्याच्या बळावर प्राणवायूच्या टंचाईत तगते. पावसाबरोबर झुंडींनी येणारा पिवळसर चतुर दीड-दोन महिन्यांत डबक्यातले बालपण उरकून, ते आटण्यापूर्वी पंखांवर निघून जातो.

या दोन जगांची शीव डोळ्यांनी पाहायची असेल तर बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला जावे. बेसॉल्टच्या खडकावर अशनी आदळून झालेल्या, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या त्या विवराच्या कडेला गोमुखातून गोड्या पाण्याची बारमाही धार पडते, भाविक तिच्याखाली स्नान करतात, आणि खाली, उतार संपल्यावर, सामू 10 च्या घरात असलेले खारे, अल्कधर्मी सरोवर पसरलेले आहे, ज्यात गोड्या पाण्यातल्या बहुतेक जीवांना थारा नाही. कमळजादेवीच्या देवळाजवळच्या विहिरीला लोक सासू-सुनेची विहीर म्हणतात, कारण तिच्यातले निम्मे पाणी गोड आणि निम्मे खारे असल्याची ख्याती आहे. यांपैकी सासू कोणती, हे विचारण्याचे धाडस मी केले नाही. 2020 साली लोणारचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत समावेश झाला. परंतु यादीत नाव लागले म्हणून धार वाहत नाही; विवराबाहेरच्या शिवारात मुरलेल्या पाण्यावरच झऱ्याचे आयुष्य अवलंबून असते.

झरा आटला तर मिरासदाराला दुसरे गाव नसते. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात ॲश मेडोज या ठिकाणी 30 हून अधिक झरे आहेत आणि त्यांतल्या काही चिमुकल्या शंख्यांचे अवघे जग म्हणजे एखाद-दुसरा झरा. तेथील डेव्हिल्स होल या कुंडातल्या एका मासळीसाठी भूजल-उपशाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1976 मध्ये न्यायालयाने उपशावर मर्यादा घातली. शेंदण्याच्या यंत्रांना अशी मनाई बजावता आली. पण शोभेच्या काचपेट्यांच्या व्यापारातून त्या देशात शिरलेली एक परदेशी शंखी झऱ्यांत उतरून मूळच्या शंख्यांची जागा आणि अन्न वाटून घेऊ लागली, तिच्यावर समन्स बजावणार कोण? ती शंखी म्हणजे हीच, आमच्या नाल्यातली.

उपऱ्यांची ही सरशी आजकालची नसावी. नागपुरातच टाकळी आणि सीताबर्डी येथे लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या खडकात गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म सापडतात. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी ते गोळा केले आणि 1855 मध्ये येथील भूरचनेवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांतला फायसा प्रिन्सेपाय हा शंख नागपूरपासून राजमहेंद्रीपर्यंतच्या अशाच थरांत आढळतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, एक तळे लाव्ह्याखाली गाडले गेले की पुढच्या तळ्यात पुन्हा हजर होणारा हा जीव माझ्या हिशेबी पक्का उपरी.

बरणीत मी एकच शंखी ठेवली होती. नर तिच्या जातीत क्वचितच असतो. मादी नराविनाच मानेमागच्या पिशवीत पिले वाढवून जिवंत बाहेर सोडते. परवा रात्री विजेरी लावून मोजली, तेव्हा काचेवर मोहरीएवढाली सतरा भरली.