घराच्या कुंपणाचा खर्च

ठाणें, कल्याण व डोंबिवली येथें घराभोंवतीं कुंपण घालणारा गृहस्थ प्रथम तारेचा भाव विचारतो; आमच्या मतें त्यानें आधीं घेर मोजावा. २० मीटर लांब व १५ मीटर रुंद जागेचा घेर ७० मीटर, तर तितक्याच क्षेत्राच्या ३० मीटर लांब व १० मीटर रुंद जागेचा ८० मीटर भरतो. पहिलीस अडीच मीटरांवर एक याप्रमाणें २८ खांब व तीन ओळींस २१० मीटर तार लागते. खाडीची खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस लोखंड लवकर गंजवितात. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेलीच तार घ्यावी. पहिल्या पावसाबरोबर तिच्या आंतून निर्गुडीच्या फांद्या लावाव्या. गुरें तिला तोंड लावीत नाहींत. तार कुजेल तोंवर हिरवें कुंपण उभें राहील, आणि पुन्हां तारेचा खर्च न पडतां केवळ छाटणीवर भागेल.