होसकोट्याचा महजर

होसकोटे म्हणजे नवा कोट. शहाजीराजांच्या कर्नाटकातल्या जहागिरीत बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर यांच्या जोडीला हे नाव येतं, आणि मराठी माणसाची या गावाशी जुनी ओळख बहुधा तेवढीच. आता बंगळुरातली पोरं पहाटे चारला मोटारसायकली काढून इथे मटण बिर्याणी खायला येतात. त्याच सुमाराला कोलारकडची भाजी शहराकडे निघालेली असते, चेन्नईहून रात्रभर चाललेले कंटेनर पोचत असतात. मालूरचा, चिंतामणीचा फाटा इथलाच, आणि चेन्नईचा नवा द्रुतगती मार्गही इथूनच सुरू होतो. अर्धवट झोपेतली इतकी माणसं एका वेळी एकाच रस्त्यावर असणं काही बरं नव्हे.

अपघात झाला की जागेवर पोलीस जो कागद करतात त्याला आपण पंचनामा म्हणतो. इथे त्याला म्हणतात महजर. शब्द आपल्याही दप्तरातला आहे. वतनाचा तंटा उभा राहिला की मजालस बसायची, साक्षी-पुरावे व्हायचे आणि निवाडा ज्या कागदावर उतरायचा तो महजर. तेव्हा तो सगळ्यात शेवटी लिहिला जायचा. आता सगळ्यात आधी लिहितात, आणि तरीही पुष्कळदा निवाडा त्यातच होऊन गेलेला असतो.

समजा, पहाटेचे साडेचार. एक्सल तुटलेला ट्रक डाव्या अंगाला उभा, पण निम्मा डांबरावर. मागे ड्रायव्हरने दोन धोंडे आणि झाडाची एक फांदी ठेवलेली. धोक्याचा तांबडा त्रिकोण गाडीत असला तरी आपला विश्वास धोंड्यावरच. मागून एक मोटार येते आणि ट्रकखाली शिरते. कुणीतरी महामार्गाचा १०३३ फिरवतं. ट्रकचा ड्रायव्हर जमाव बघून पसार होतो. जखमीला मदत करणं हे मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमानुसार त्याचं कर्तव्य, पण त्याच कलमात जमावाच्या संतापाची सूट दिलेली आहे. आपल्या माणसांना ओळखून केलेला कायदा!

क्रेन येते. मागे दोन किलोमीटर गाड्या तुंबलेल्या, सगळे हॉर्न वाजवतायत. रस्ता मोकळा करणं हे पहिलं काम, त्यामुळे मोजमाप व्हायच्या आत मोटार बाजूला ओढली जाते. मग पंच शोधायचे. पंक्चरवाला आणि चहावाला हे हायवेवरचे कायमचे पंच. टेप धरली जाते, ट्रकचं मागचं चाक रस्त्याच्या कडेपासून किती फुटांवर ते लिहिलं जातं, आणि एक कच्चा नकाशा निघतो: दोन चौकोन, एक बाण, उत्तर दिशा. पुढची चार-पाच वर्षं वकील त्या बाणावर भांडणार असतात.

टेप खरं तर पुष्कळ सांगू शकते. कोरड्या डांबरावर घर्षणांक साधारण ०.७ धरतात. चाकं जाम होऊन घासल्याची खूण २० मीटर असेल, तर ब्रेक लागला तेव्हा गाडी ताशी ६० किलोमीटरच्या आसपास होती असं गणित निघतं. रस्ता ओला असेल, घर्षणांक ०.४ वर आला असेल, तर तीच २० मीटरची खूण ४५ चा वेग सांगते. म्हणजे रस्ता ओला होता का कोरडा हे महजरात आलं नाही की गणित गेलं. शिवाय हा निघाला तो कमीत कमी वेग. धडकेच्या क्षणी गाडीत उरलेला वेग त्यात धरलेलाच नाही. आणि खूण अजिबात नसेल तर? ताशी ८० ने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. समोर काहीतरी आहे हे डोक्यात शिरून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला, तर ३३ मीटर तसेच जातात. अंधारातल्या ट्रकपाशी खूण नसण्याचा अर्थ ‘त्याने ब्रेकच मारला नाही’ असा नसून ‘त्याला ट्रक दिसलाच नाही’ असाही असू शकतो.

ट्रक का दिसला नाही, याचं उत्तर कधीकधी मागच्या फुटक्या दिव्यात असतं. पिवळ्या बल्बमधली टंगस्टनची तार दिवा चालू असताना तापून मऊ झालेली असते. धडक बसली की ती ताणली जाते, तिची वेटोळी सैल होऊन लोंबतात. दिवा बंद असेल तर थंड तार काडीसारखी कट्कन तुटते आणि तुटलेलं टोक चकचकीत राहतं. काच फुटताना तार पेटलेली असली तर तिच्यावर आणि आजूबाजूला पांढुरकी राख धरते. ‘साहेब, लाइट चालू होती’ हे वाक्य असं करंगळीएवढ्या तारेवर तपासता येतं, फक्त तो बल्ब कुणीतरी कागदात गुंडाळून ठेवायला हवा. एलईडी दिव्यांत तार नाही, एबीएसमुळे रस्त्यावरच्या खुणाही पुसट झाल्या. त्यांची जागा एअरबॅगच्या डबीत साठलेल्या धडकेआधीच्या पाच सेकंदांनी घेतली आहे. ती वाचायला वेगळं यंत्र लागतं, आणि ते पंक्चरवाल्याकडे नसतं.

गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात जाते. मोटार वाहन निरीक्षक येऊन ब्रेक, स्टिअरिंग, टायर बघतो. कर्नाटकातल्या निकालांमधून त्याचं एक वाक्य सारखं भेटत राहतं: अपघात वाहनातल्या यांत्रिक दोषामुळे झालेला नाही. यंत्र सुटलं म्हणजे माणूस अडकला, आणि आरोपपत्रात निष्काळजीपणाचं कलम बसतं. आधी ते ३०४ अ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं १०६.

भरपाईचा दावा मात्र वेगळ्या तराजूत तोलतात. तिथे संशयातीत पुरावा लागत नाही, काय घडलं असणं जास्त संभवतं एवढं पुरतं. नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली एक मोटार १९६० साली रस्त्याच्या उजव्या अंगाला जाऊन झाडावर आदळली होती. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात म्हटलं की नीट चालवलेली मोटार अशी झाडावर जात नाही. घटनाच बोलते आहे, आता चालवणाऱ्याच्या बाजूने खुलासा करावा. दुसरा निकाल २०२० चा. मोटारसायकलवर तिघं होते, मागून मोटारीने उडवलं. उच्च न्यायालयाने तिघं बसल्याबद्दल भरपाईतून दहा टक्के कापले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले: तिघं बसणं हा नियमभंग आहेच, पण त्या बसण्यामुळे अपघात झाला का, ते दाखवा. नियम मोडणं आणि अपघाताला कारण होणं यांतला हा फरक बिर्याणीला निघालेल्या पोरांनी नाही, तरी पोलिसांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

२०२२ च्या नियमांनी मुदती घातल्या आहेत: पहिला अहवाल ४८ तासांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे. नोंदी आता मोबाइलवर होतात, फोटोसकट. ही प्रणाली ज्या सहा राज्यांत प्रथम सुरू झाली त्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही होते. कागद वेळेवर जाईल हे उत्तमच. तरी त्या कागदाचा रोख ‘कुणाचं चुकलं’ याच्याकडे राहतो.

‘कशामुळे झालं’ असं विचारणारे लोक निराळे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१२ पासून जेपी रिसर्च इंडियाची माणसं अपघातस्थळी पोचून माणूस, वाहन आणि रस्ता अशी तिन्ही खाती मांडू लागली. एका अपघाताला तिन्ही कारणं लागू शकतात. होसकोट्याला तर या विद्येचं एक घराणंच नांदतं. इथे १९९८ पासून व्होल्वोचा कारखाना आहे, आणि स्वीडनमध्ये त्या कंपनीच्या ट्रकविभागाचं अपघात-संशोधन पथक १९६९ पासून अपघाताच्या जागी जाऊन पाहतं. दोषी ठरवणं त्यांचं काम नाही. पुढची केबिन कशी बांधायची, हे त्यांना हवं असतं. आपल्या कायद्यातही २०१९ पासून १९८ अ कलम आहे: सदोष रस्त्याबद्दल कंत्राटदाराला किंवा प्राधिकरणाला एक लाखापर्यंत दंड. पण त्यासाठी रस्ता सदोष होता हे कुणीतरी आधी लिहायला हवं, आणि कच्च्या नकाशात रस्ता म्हणजे दोन समांतर रेघा.

साडेसहाला उजाडतं. मोटार गेली, ट्रकही टोचन लावून नेला. काचांवर वाळू टाकून झाली. महजरावर पंचांच्या सह्या झाल्या, त्यात ट्रकचा नंबर आहे, मोटारीचा आहे, रस्त्याची रुंदी आहे. दोन धोंडे अजून डांबरावरच आहेत, आणि कोलारकडून येणारा भाजीचा टेम्पो त्यांना वळसा घालून जातो.