वळशाचे दुखणे

बोरिवली आणि मुलुंड यांच्यात सरळ रेषेत जेमतेम १२ किलोमीटर अंतर आहे. तरीही लोकलने जायचे तर आधी दादर गाठावे लागते. रस्त्याने जायचे तर घोडबंदर किंवा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याचा वळसा पडतो. मध्ये राष्ट्रीय उद्यान आहे, तेव्हा हा वळसा समजण्यासारखा आहे. पण माणसाने निर्माण केलेल्या वळशांचे काय?

शहर वाढते तसे रस्ते वाढतात. मात्र ते एकमेकांना किती ठिकाणी मिळतात, हे अधिक महत्त्वाचे. विलेपार्ले, घाटकोपरच्या जुन्या भागांत गल्लीला गल्ली मिळते. एक वाट अडली तर दुसरी सापडते. नव्या मोठ्या संकुलांना मात्र बहुधा उंच कुंपण आणि एकच फाटक असते. भिंतीपलीकडची शाळा खिडकीतून दिसते, पण तिथे पोहोचायला रिक्षा लागते.

हे केवळ मुंबईत घडत नाही. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी जगभरातील रस्त्यांचे नकाशे तपासून २०२० मध्ये दाखवून दिले, की १९७५ नंतर अनेक देशांत नवे रस्ते अधिकाधिक तुटक होत गेले. इमारत पाडून नवी बांधता येते. रस्त्याची आखणी मात्र पिढ्यानपिढ्या टिकते.

याचा आरोग्याशी थेट संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. भाजी आणि स्टेशन पायी गाठता आले, तर त्यातला मोठा वाटा वेगळा वेळ न काढता पूर्ण होतो. मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना हे चालणे औषधाइतकेच गरजेचे असते.

प्रश्न तातडीच्या उपचारांचाही आहे. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. त्याची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली आणि पूर्ण पूल मे २०२५ मध्ये. पावसाळ्यात जवळच्या सबवेत पाणी भरले, की पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्या रुग्णवाहिकेलाही लांबचा वळसा पडे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्यातही जितके लवकर तितके चांगले.

उपनगरांत आज ठिकठिकाणी पुनर्विकास सुरू आहे. इमारतींच्या आराखड्यावर चर्चा करताना मजले आणि पार्किंगबरोबर एक प्रश्न रहिवाशांनी जरूर विचारावा: मागच्या भिंतीत पायी जाणाऱ्यांसाठी एक छोटे फाटक ठेवता येईल का?