वाचणारा समोर नसतो तेव्हा

मु. पो. मोझरी, ता. तिवसा, जि. अमरावती. गुरुकुंज आश्रमाला पत्र लिहिणाऱ्याला हा पत्ता पाठ असतो. या एका ओळीत पाच टिंबे आहेत. पहिली चार शब्द अर्ध्यावर तोडल्याची खूण आहेत आणि शेवटचे तेवढे मजकूर संपल्याची. दिसायला पाचही सारखीच. तरी मराठी वाचक कुठे अडत नाही, कारण 'ता.' म्हणजे तालुका आणि 'जि.' म्हणजे जिल्हा हे त्याला आधीच ठाऊक असते. हिंदीने वाक्याच्या शेवटी उभा दंड ठेवला, म्हणून तिथे हा प्रश्न निम्मा सुटतो. मराठीने इंग्रजीचे टिंब घेतले, पण त्या टिंबाचा जोडीदार असलेले मोठे अक्षर आपल्या लिपीतच नाही. इंग्रजीत टिंबानंतर लहान अक्षर आले की वाक्य अजून चालू आहे; मोठे आले की बहुधा नवे सुरू झाले. मध्येच विशेषनाम आले तर तिथेही घोटाळा होतो, पण एरवी वाक्याची हद्द दोन खुणांनी बांधलेली असते. आपण त्यातली एकच उचलली. तिवशाच्या वर्गात इंग्रजीचे हे नियम मुलांना का जड जातात, याचे उत्तर बरेचसे या अर्ध्या उसनवारीत आहे.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. कॅपिटलचे आणि कॉम्याचे नियम तेव्हापासून मुलाच्या वहीत येतात ते यादी म्हणून: वाक्याचे पहिले अक्षर मोठे, माणसांची-गावांची नावे मोठी, वारांची आणि महिन्यांची नावे मोठी, 'आय' एकटा असला तरी मोठा; कॉम्याला थोडे थांबायचे, फुलस्टॉपला जास्त. यातला थांबण्याचा नियम तर थेट अठराव्या शतकातला आहे. लिंडली मरे याच्या 1795 च्या इंग्रजी व्याकरणात कॉम्यापेक्षा सेमिकोलनला दुप्पट, त्याच्या दुप्पट कोलनला आणि त्याच्याही दुप्पट फुलस्टॉपला थांबावे, असे माप दिलेले आहे. माझे म्हणणे असे, की हे सगळे शिकवणे उलट्या टोकाने चालले आहे. मोठे अक्षर आणि विरामचिन्हे मुख्यतः मोठ्याने वाचणाऱ्याच्या श्वासासाठी नाहीत. कागद लिहिणाऱ्यापासून दूर जातो, मुकाट्याने वाचला जातो आणि वाचणारा 'म्हणजे काय हो?' असे उलटून विचारू शकत नाही. त्या वाचकासाठी ती आहेत. हे एकदा धरले की यादीतले बहुतेक नियम आपोआप उलगडतात.

याचा पुरावा अमरावती जिल्ह्यातच, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात आहे. आता मराठी भाषा विद्यापीठ जिथे उभे आहे, त्या या गावी तेराव्या शतकात म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. मराठी गद्याचा एवढा मोठा ग्रंथ, पण आजच्या अर्थाने त्यात ना स्वल्पविराम, ना प्रश्नचिन्ह, ना अवतरण. आज छापील प्रतीत जी चिन्हे दिसतात ती संपादकांनी वाचकाच्या सोयीसाठी घातलेली. तरीही लीळा वाचताना वाक्य कुठे संपले ते कळते. एक कारण भाषेच्या घडणीत आहे. मराठी वाक्य क्रियापदावर मिटते. 'म्हणितले' आले की बोलणे सुरू होणार, 'गेले' आले की हालचाल संपली. कोणी कोणाला काय केले हे ने, ला, चा सांगतात, त्यामुळे शब्द पुढेमागे झाले तरी कर्ता-कर्माची अदलाबदल होत नाही. दुसरे कारण ग्रंथाच्या वापरात आहे. लीळा सांगितल्या जात, ऐकल्या जात, पाठ केल्या जात. मूळ प्रत हरवल्यावर ग्रंथ पुन्हा जुळवला गेला तोही स्मरणातूनच. अडले तर विचारायला माणूस शेजारी होता. मोडीचेही तेच. आधी शिरोरेषा आखायची आणि हात शक्य तितका न उचलता लिहीत जायचे. शब्दाशब्दांत मोकळी जागासुद्धा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही मोडीने पाळला नाही. तो कागद कारकून वाचून दाखवी आणि ऐकणारे तिथल्या तिथे शंका विचारीत.

इंग्रजीला ही चैन परवडत नाही. तिची विभक्ती फार पूर्वीच झडली, क्रियापद वाक्याच्या पोटात शिरले, आणि नामापुढे नाम ठेवून अर्थ बांधायची तिची रीत. म्हणून तिला हद्दीच्या खुणा बाहेरून रोवाव्या लागतात. तिच्या लिपीत सुरुवातीला हे काहीच नव्हते. रोमन शिलालेखांत सगळीच अक्षरे मोठी आणि शब्द अनेकदा एकमेकांना चिकटलेले. लॅटिन ही ज्यांची घरची भाषा नव्हती त्या आयरिश भिक्षूंनी शब्द सुटे करायला सुरुवात केली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते: खुणांची गरज सर्वांत आधी परक्या वाचकाला भासते. आठव्या-नवव्या शतकांत शार्लमेनच्या राज्यात लहान अक्षरांचे वळण स्थिरावले, आणि मग जुनी मोठी अक्षरे महत्त्वाच्या जागांसाठी मोकळी झाली. त्या जागाही कायम राहिल्या नाहीत. सतराव्या-अठराव्या शतकांतले इंग्रजी छापील पान उघडले तर जवळजवळ प्रत्येक नामाला मोठे अक्षर दिसते. पुढे ती चाल गेली. जर्मनने ती आजही ठेवली आहे, तर डॅनिशने 1948 मध्ये सोडली. म्हणजे नियम बदलतात, पण काम तेच राहते: या ठिकाणी वाचकाने काहीतरी वेगळे घ्यायचे आहे, एवढे सांगणे. 'आशा सोडून गेली' किंवा 'किरण खिडकीतून आला' यांत माणूस आहे की नाही, हे देवनागरी सांगत नाही, मागचापुढचा मजकूर सांगतो. इंग्रजीत एका अक्षराच्या उंचीवर ते ठरते. गंमत अशी, की सरकारी अर्जावर आपण हाच फरक पुसून टाकतो. सगळा अर्ज कॅपिटलमध्ये भरायचा म्हटल्यावर मुलाने या अक्षरांचे वेगळेपण शिकावे तरी कुठून?

मराठीत ही चिन्हे आणण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थच्या कोशाचे सहकारी, शालेय पुस्तकांचे आणि सरकारी भाषांतरांचे कारभारी असलेल्या कँडींनी 1850 मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका काढली. तेव्हा छापखाने आले होते, शाळाखाते उभे राहत होते, कायद्याची भाषांतरे होत होती. लिहिणारा पुण्यात आणि वाचणारा भलत्याच गावी, अशी वेळ आली होती. ही साहेबाची लादणी होती, असा आक्षेप घेतला जातो. क्रमिक पुस्तकांतल्या इंग्रजी वळणाच्या मराठीवर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सडकून टीका केली, हे खरेच आहे. पण 1874 पासून निघालेल्या त्यांच्या निबंधमालेतली लांबलचक, फांद्याफांद्यांची वाक्ये याच परक्या चिन्हांच्या आधाराने उभी आहेत. वाक्याची घडण उसनी घेणे वेगळे आणि खूण उसनी घेणे वेगळे. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या चौदा आणि 1972 च्या चार लेखननियमांत अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घाची एवढी चर्चा आहे, पण स्वल्पविराम कुठे द्यावा याबद्दल अवाक्षर नाही. आपल्याला त्याची निकड कमी, एवढाच त्याचा अर्थ.

याहून वजनदार आक्षेप कायद्याकडून येतो. विरामचिन्ह हे कायद्याच्या अर्थनिर्णयात दुय्यम साधन आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1952 मध्येच म्हटले आहे. मग एका कॉम्यासाठी एवढा आटापिटा कशाला? उत्तर त्याच न्यायालयाच्या पुढच्या निकालांत सापडते, आणि त्यातला एक वऱ्हाडाच्या ओळखीच्या कायद्यावरचा आहे. मध्य प्रांत-वऱ्हाडाचा 1949 चा घरभाडे नियंत्रण आदेश विदर्भात शतकाच्या अखेरीपर्यंत चालला. भाडेकरूला नोटीस देण्याची परवानगी मालकाला केव्हा मिळेल, हे त्याच्या तेराव्या कलमात होते. त्यातल्या एका पोटकलमाचा आशय असा: भाडेकरूने दुसरी जागा मिळवली आहे, किंवा तो सलग चार महिने तो भाग सोडून गेला आहे आणि त्याला घराची वाजवी गरज नाही. ही 'गरज नाही'ची अट दोन्ही प्रसंगांना लागू की फक्त दुसऱ्याला? इंग्रजी मजकुरात पहिल्या भागानंतर कॉमा होता. 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कॉमा लक्षात घेतला आणि सांगितले, की शेवटची अट दुसऱ्या प्रसंगापुरतीच आहे. भाडेकरूने दुसरी जागा मिळवली असेल, तर जुन्या घराची गरज मालकाने वेगळी खोडून काढायला नको. साधन दुय्यम असेलही, पण वाक्य जिथे दोन्हीकडे झुकते तिथे तेच तोलते.

दुसरा निकाल महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात 1979 चा. औषध कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमात विक्रीसाठी बनवणारा, विकणारा, आणि मग 'स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल' असे शब्द होते. आधीच्या दोन्ही क्रियांनंतर कॉमा, 'स्टॉक्स'नंतर मात्र नाही. तेव्हा साठवणे आणि मांडणे ही एकच जोडी आणि 'फॉर सेल' दोहोंना लागू, असे न्यायालयाने ठरवले. औषध नुसते जवळ सापडले म्हणून या कलमाखाली गुन्हा होत नाही. साठा विक्रीसाठी होता हे सिद्ध करावे लागते. येथे मराठीची गोष्ट बघा. 'विक्रीसाठी साठवतो किंवा मांडतो' म्हटले की एक अर्थ, 'साठवतो किंवा विक्रीसाठी मांडतो' म्हटले की दुसरा. जे काम इंग्रजीने चिन्हावर सोपवले ते आपण शब्दाच्या जागेवरून करतो. मराठीतून इंग्रजीत येणारा मुलगा कॉमा विसरतो तो आळसाने नव्हे. त्याच्या भाषेने ते काम आधीच उरकलेले असते.

आता फोनच सगळे दुरुस्त करतो, मग शिकवायचे कशाला, असेही विचारतील. फोन टिंब दिसले की बहुधा पुढचे अक्षर मोठे करतो; ते टिंब संक्षेपाचे की शेवटचे, ही पारख त्याच्याकडे कच्ची आहे. आणि 'स्टॉक्स'नंतर कॉमा द्यायचा की नाही हे यंत्राला विचारून भागत नाही, कारण दोन्ही वाक्ये शुद्धच आहेत. फरक हेतूचा आहे, आणि हेतू लिहिणाऱ्यालाच माहीत. त्यामुळे पाठ्यपुस्तकातली यादी फेकून देण्याची गरज नाही, फक्त ती शेवटी यावी. आधी आठवीच्या वर्गात औषध कायद्याचे ते वाक्य फळ्यावर लिहावे, 'स्टॉक्स'नंतर एकदा कॉमा घालावा, एकदा पुसावा, आणि घरात औषधांचे खोके सापडलेला माणूस कोणत्या वाक्यात सुटतो आणि कोणत्या वाक्यात अडकतो, हे मुलांनाच सांगू द्यावे.