ओठ आधी, आवाज नंतर : जुन्या टेपा उतरविणाऱ्यांसाठी

लग्नकार्याच्या जुन्या व्हीएचएस टेपा संगणकात उतरवून पेनड्राइव्हवर देण्याचे काम आज अनेक फोटो स्टुडिओवाले करतात. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआरचे उत्पादन बंद केले. जी यंत्रे चालू आहेत तीही थकत चालली आहेत, म्हणून हे काम फार दिवस पुढे ढकलता येणार नाही. मात्र त्यात एक तक्रार वारंवार येते : चित्रातील माणूस बोलून गप्प होतो आणि आवाज मागाहून येतो.

मी कापडाचा व्यापारी, हा माझा धंदा नव्हे. परंतु माझ्या १९९६ सालच्या लग्नाच्या टेपेत मरहूम वडिलांचा आवाज आहे. तो दुसरीकडे कोठेही नाही. एका दुकानाने ती टेप उतरवून दिली. सुरुवात ठीक होती. शेवटी दावतीत वडील पाहुण्यांना आग्रह करतात, तेथे आवाज तीन सेकंद मागे. दुकानदार म्हणाला, टेपच खराब आहे. घरी व्हीसीआरवर लावून पाहिली तर ओठ आणि आवाज बरोबर जुळत होते.

कारागीर बंधूंनी दुरुस्तीपूर्वी फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन ठिकाणी तपासावी. तपासताना ब्लूटूथचा स्पीकर लावू नये, तो स्वतःच आवाज उशिरा देतो. व्हीएलसीमध्ये जे आणि के ही बटणे दाबली की आवाज ५० मिलिसेकंदांनी पुढेमागे होतो. त्यावरून फरक मोजता येतो, फाइल मात्र बदलत नाही.

तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर काम सोपे आहे. एव्हिडेमक्समध्ये आवाजाच्या शिफ्टच्या रकान्यात तेवढा आकडा भरावा व चित्र ‘कॉपी’वर ठेवावे, म्हणजे चित्राचा दर्जा उतरत नाही.

फरक हळूहळू वाढत असेल तर आवाज नुसता सरकवून उपयोग नाही. आटलेले कापड एका टोकाला ओढून दुसरे टोक जुळत नाही, तसेच हे. चित्र एका यंत्राने आणि आवाज संगणकाच्या साउंड कार्डाने घेतला, तर दोघांची घड्याळे किंचित वेगळी चालतात. माझ्या फाइलीत अर्ध्या तासाला दीड सेकंद, तासाला तीन सेकंद असा हिशोब निघाला. चित्र ३६०० सेकंदांचे, आवाज ३६०३ सेकंदांचा. ऑडॅसिटीतील ‘चेंज टेम्पो’मध्ये आवाजाची लांबी ३६०० करावी, गळा बदलत नाही. अमेरिकेतील नातेवाइकांकडून आलेल्या टेपांत सेकंदाला २९.९७ फ्रेम असतात. त्या ३० धरल्या तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. तेथे आवाजाला हात न लावता फ्रेमचा आकडाच दुरुस्त करावा.

तिसरा प्रकार त्रासाचा. टेप जेथे घासलेली असते तेथे संगणक फ्रेम गाळतो, आवाज मात्र पूर्ण घेतो. आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम. १०० गळाल्या की चार सेकंद गेले. येथे फरक टप्प्याटप्प्याने उडी मारतो, म्हणून ताणून जुळत नाही. व्हीसीआर व संगणक यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर लावून टेप पुन्हा उतरवावी. ते नसेल तर उडी आहे तेथे आवाज कापून जोडावा. वेळखाऊ काम आहे, त्याची मजुरी आधीच ठरवावी.

मोबाइलवर काढलेल्या चित्रणात फ्रेमचा वेग कमीजास्त होतो आणि एडिटिंगमध्ये आवाज सुटतो. एडिटिंगपूर्वी हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फाइल करून घ्यावी.

अगदी तंतोतंत जुळले नाही तर आवाज किंचित मागे ठेवावा, पुढे नको. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी प्रेक्षकाला कळते. उशिरा आला तर सुमारे १२५ पर्यंत कळत नाही. लांबच्या माणसाचा आवाज उशिरा येणे आपल्या सवयीचे आहे.

गिऱ्हाइकाची टेप ही अमानत आहे. त्याने फाइल शेवटपर्यंत पाहून पसंत करेपर्यंत पहिली उतरविलेली प्रत पुसू नये. माझ्या फाइलीची दुरुस्ती मोहल्ल्यातील एका मुलाने याच रीतीने तासाभरात केली.