शेगडीभोवती (7) : मिरचीला वेगळं बिऱ्हाड द्या

पपई आज झाडावरच राहू द्या. मागच्या वेळी आज तिच्याबद्दल लिहायचं कबूल केलं होतं हे खरं, पण मंगळवारी वसईतल्या निर्मळहून एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि माझं एक जुनं भांडण उकरून निघालं. बाईंनी आपलं व्हिनेगर, लसूण आणि बॉटल मसाल्याचं वाटण तंतोतंत केलं, बीफ रात्रभर मुरवलं, आणि मग सळईवर मांसाचा तुकडा, ढोबळी मिरची, कांदा, पुन्हा मांस असं ओवून निखाऱ्यावर धरलं. ‘मिरची कच्ची, कांद्याच्या कडांचा कोळसा आणि मांस चपलेसारखं. माझं कुठे चुकलं?’

बाई, तुम्ही फोटोला फसलात. शेगडीच्या खोक्यावर, मसाल्याच्या पाकिटावर, जिथे तिथे तोच फोटो असतो. लाल, हिरवं, पिवळं, मध्ये खमंग तपकिरी मांस, सगळं एकाच सळईवर, नाताळच्या माळेसारखं. मीही फसलो होतो. थोरल्याच्या फर्स्ट कम्युनियनला अशा चाळीस सळया मी ओवल्या आणि पाहुण्यांनी त्यातली निम्मी मिरची केळीच्या पानाच्या कडेला काढून ठेवली. माझ्या आईने ती गोळा करून दुसऱ्या दिवशी भाजीत घातली. त्या मिरचीला खरी चव तेव्हा आली.

कारण सगळं तापमानात आहे. मांसातली प्रथिनं एकदम आकसत नाहीत. मायोसिन नावाचं प्रथिन साधारण 50 अंश सेल्सिअसला आकसू लागतं, तेव्हा मांसाला धरण्याजोगा घट्टपणा येतो. अ‍ॅक्टिन नावाचं दुसरं प्रथिन 66 अंशांच्या पुढे आकसतं, आणि ओलं फडकं पिळावं तसा रस बाहेर टाकतं. म्हणजे चौकोनी तुकड्याचा रस राखायचा तर साठीच्या आसपास थांबायला हवं. अमेरिकेचं कृषी खातंही अख्ख्या तुकड्यांना 63 अंश आणि वर तीन मिनिटांची विश्रांती सांगतं. खिम्याला मात्र 71, कारण तिथे बाहेरचे जंतू आत मिसळलेले असतात.

आता भाजी. भाजीच्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिनने, आणि पेक्टिन 85 अंशांच्या खाली जवळजवळ दाद देत नाही. म्हणजे बघा. एकाची वेळ साठला संपते, दुसऱ्याची पंच्याऐंशीला सुरू होते, आणि आपण दोघांना एकाच सळईत टोचून एकाच वेळी शिजा म्हणतो. मिरची मऊ होईपर्यंत थांबलात तर मांसाची चप्पल, मांसाकडे बघून उतरवलंत तर मिरची कच्ची. बाईंच्या वाट्याला दोन्ही आलं, कारण त्या मधेच कुठेतरी थांबल्या असाव्यात.

शिवाय मिरची आणि टोमॅटो पाणी सोडतात. मांसाला खमंग रंग येतो तो पृष्ठभाग 140 अंशांच्या आसपास गेल्यावर. पाणी आटल्याशिवाय तो शंभरापुढे सरकतच नाही. ओल्या फोडीला खेटून बसलेली मांसाची बाजू फिक्कट राहते ती म्हणून. सळईवरून उतरवलेला तुकडा एकदा उलटून बघा, दोन बाजू तपकिरी आणि दोन उकडलेल्या दिसतील.

आपल्याकडे हे जास्तच जाचतं. 2015 च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात बैलाचंही मांस बंद झालं. वसईत खाटीक बीफ म्हणून देतो ते म्हशीचं. ते गडद, चविष्ट, पण धाग्यांमधली चरबी फारच थोडी. चरबीवाल्या मांसाला दोन मिनिटं जास्त झाली तरी ते सांभाळून घेतं. म्हशीचं घेत नाही. सळईसाठी अंडरकट मागा. नसेल तर टॉपसाईड, आणि ती आडव्या धाग्यावर कापून घ्या.

जिथे सळईवर मांस भाजणं हा रोजचा धंदा आहे, तिथे काय करतात बघा. इराणात कबाबाबरोबर भाजलेला टोमॅटो हवाच, पण टोमॅटोची सळई वेगळी. पोर्तुगालच्या माडेरा बेटावर एस्पेतादा करतात: बीफचे मोठे तुकडे, जाडं मीठ, लसूण, चुरलेलं लॉरेलचं पान, आणि सळईच्या जागी लॉरेलचीच काठी. त्या काठीवर भाजीचं नाव नाही. (ते पान आपलं तमालपत्र नव्हे. आपल्या पानावर तीन शिरा देठापासून टोकाकडे धावतात, वासही दालचिनीच्या कुळातला. लॉरेलला मधोमध एकच मुख्य शीर.) पेरूमध्ये अंतिकुचो म्हणून बीफच्या हृदयाचे तुकडे व्हिनेगर, जिरं, लसूण आणि लाल मिरचीच्या वाटणात मुरवून रस्त्यावर भाजतात. वाटण वाचून वसईकराला शेजारच्या घरचं वाटेल. तिथे सळईच्या टोकाला बटाटा असतो खरा, पण तो आधी उकडलेला! ते विकणारी बाई आपल्यापेक्षा शहाणी.

अपवाद आहेत. तुर्कस्तानात गाझियान्तेपकडे खिम्याचे गोळे आणि वांग्याचे तुकडे आळीपाळीने ओवतात. तिथे खिमा पूर्ण शिजवायचाच असतो आणि त्याची चरबी वांगं पिऊन टाकतं. मशरूमलाही मी मांसाशेजारी बसू देतो. तिचा सांगाडा पेक्टिनवर उभा नसून कायटिनवर आहे, त्यामुळे ती पाच मिनिटं भाजा की पंधरा, तिचा कणखरपणा तोच. बाकीच्यांनी आपापलं बिऱ्हाड थाटावं.

ते असं. निखारे शेगडीत एका बाजूला ओढा, म्हणजे अर्धी शेगडी कडक आणि अर्धी मंद. करवंट्या वापरत असाल तर ज्वाळा आणि धूर संपून त्या लाल होईपर्यंत धीर धरा. अर्धवट जळलेल्या करवंटीचा वास मांसात उतरतो आणि जात नाही. भाज्यांच्या सळया आधी चढवा. कांद्याच्या चार फोडी करताना मुळाकडचा भाग कापू नका, पाकळ्या त्यावरच टिकतात. ढोबळी मिरचीचे चपटे तुकडे करून सालीची बाजू निखाऱ्याकडे ठेवा, साल काळी पडली तर पडू द्या. मिरची-कांद्याला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात, त्यातली बरीचशी मंद बाजूला. रताळं आणि बटाटा आधी उकडून. वाडीतली कच्ची केळी सालीसकट उकडून, सोलून, जाड चकत्या करून ओवा. तेल-मीठ-मिरपूड लावून भाजलेल्या या चकत्यांपुढे बटाटा फिका. टोमॅटो अख्खा, लहान, घट्ट, आणि सगळ्यांत शेवटी.

भाज्या मंद बाजूला सरकल्या की कडक बाजू मांसाला मोकळी. तीन सेंटिमीटरचे तुकडे, वाटण पुसून, तुकड्यातुकड्यात बोटभर फट ठेवून. सळई चपटी हवी, गोल सळईवर तुकडा जागच्या जागी गरगर फिरतो आणि एकच बाजू पुन्हा पुन्हा खाली येते. आठ-दहा मिनिटांत काम होतं. टोचायचं थर्मामीटर घरात असेल तर 63 बघून उतरवा. माझी आई आतून गुलाबी दिसलं की ताट सरकवते, तिची सळई मी पाच मिनिटं जास्त ठेवतो आणि तिच्याशी वाद घालत नाही.

एक फायदा पत्रातल्या बाईंनी विचारला नव्हता, तरी सांगतो. अंगणात शाकाहारी शेजारी आले तर त्यांना काढून देण्याजोगं काहीतरी असतं. मात्र त्यांच्या सळया दुसऱ्या शेगडीवर भाजा, आणि तेल लावायचा ब्रशही वेगळा ठेवा.

पपई पुढच्या रविवारी, नक्की. ज्यांनी माझ्या शब्दावर विसंबून ती आधीच किसून ठेवली असेल, त्यांनी आज तिची कोशिंबीर करावी. या भाजलेल्या मांसाबरोबर छान लागते.