बेलिफाचे दोन धनी

न्यायाधीश निकाल देतात. परंतु तो पक्षकाराच्या दारापर्यंत पोंचविणारा माणूस निराळाच असतो. समन्स बजावणें, जप्ती करणें, न्यायमंदिरांत शिस्त राखणें, हीं कामें बेलिफाचीं. आमच्याकडे बेलिफ जिल्हा न्यायालयाच्या ताब्यांत असतात. अमेरिकेंत मात्र हें काम पुष्कळ ठिकाणीं शेरीफाकडे असतें, आणि शेरीफ बहुधा पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. मग हाताखालच्या माणसांना दोन धनी होतात : एक न्यायालय, दुसरा पक्ष.

यांतून काय निपजतें, तें शिकागो शहर ज्या कुक परगण्यांत आहे तेथील एका खटल्यावरून कळतें. डिसेंबर १९७० मध्यें तेथें रिपब्लिकन शेरीफ जाऊन डेमोक्रॅटिक पक्षाचे रिचर्ड एल्रॉड अधिकारावर आले. त्याबरोबर जुन्या रिपब्लिकन नोकरांवर गदा आली. त्यांत बालन्यायालयांतील एक बेलिफही होता. फिर्यादीप्रमाणें, नोकरी टिकविण्याचे मार्ग चारच : नव्या पक्षाशीं निष्ठा, त्याच्या उमेदवारांचा प्रचार, वेतनांतून वर्गणी, अथवा पक्षांतील कोणाची शिफारस.

२८ जून १९७६ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध तीन मतांनीं निर्णय दिला. धोरण ठरविण्याशीं वा गोपनीय कामाशीं ज्याचा संबंध नाहीं, असा नोकर काम नीट करीत असतां केवळ राजकीय मतांसाठीं त्यास काढतां येणार नाहीं, असें ठरलें. न्या. पॉवेल यांचें मत विरुद्ध पडलें. अशा नेमणुकांनीं पक्ष बळकट होतात, आणि हे नोकर स्वतःही याच वाटेनें आले होते, असें त्यांचें म्हणणें.

हा आक्षेप पोकळ नव्हे. तथापि आम्हांस वाटतें, येथें प्रश्न नोकराच्या पुण्याईचा नसून पक्षकाराच्या विश्वासाचा आहे. ज्याची भाकरी पक्षाच्या हातीं, तो प्रतिपक्षाच्या माणसाचें समन्स निर्मळ मनानें बजावील, यावर कोण भरंवसा ठेवील? १९९० सालीं इलिनॉय राज्यांतीलच दुसऱ्या खटल्यांत हें तत्त्व भरती, बढती व बदली यांनाही लागू झालें. म्हणजे आंत येण्याची वाटही नीट करण्यांत आली.

भाच्या-पुतण्याच्या नोकरीसाठीं पुढाऱ्याची चिठ्ठी मिळविण्यांत आपल्या कुटुंबांसही वावगें वाटत नाहीं. त्या चिठ्ठीचें ऋण पुढें कोणाच्या न्यायांतून फेडावें लागेल, याचा विचार वडीलधाऱ्यांनीं आधींच करावा.